गोठ्याच्या जागेवरचे अक्रोड

शाळेत मी तिचा मास्तर; तिथं तिला सगळे ‘हट्टी’ म्हणायचे. पुस्तकातलं उत्तर चुकीचं छापलंय असं सांगून ती एकदा माझ्या वर्गात तासभर उभी राहिली. उत्तर खरंच चुकलं होतं. पुढे ती घरच्याच अक्रोडाच्या बागेत राबू लागली.

वडिलांच्या हाताखाली तिनं स्वतः लावलेली अकरा झाडं खुरटली होती. पानं बोटाएवढी, शिरांमध्ये पिवळी, शेंड्याला गुच्छ करून बसलेली. वडिलांमागे बाग थोरल्या भावाकडे. त्यानं ठरवलं, हा रोग. पसरायच्या आत तोडायची.

“रोग नाही दादा, जस्त कमी पडतंय.”

“तिथं? अगं, बाबांचा गोठा होता तिथं! चाळीस वर्षांचं शेण मुरलंय.”

“म्हणूनच. शेणातल्या स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा, इतका साठा झालाय की मुळांना जस्त उचलता येत नाही. वर तू दरवर्षी आणखी चार गाड्या ओततोस. पोट फुटेस्तोवर जेवलेल्याला आग्रह!”

“मोठी डॉक्टरीण लागून गेलीस!”

“पानं मी रोज बघते. तू अक्रोड पडले की उगवतोस.”

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. दादा मात्र बधला नाही.

करवतवाल्याला महिनाभर सवड नव्हती. तेवढा महिना तिनं पकडला. कोवळे शेंडे वीतभर होताच जस्ताची फवारणी केली, तीही पाचच झाडांवर.

“वाचवायचीत ना? मग सहा कोरडी का?” दादानं डिवचलं.

“सगळीच फवारली नि सुधारली, तर तू श्रेय हवामानाला देशील.”

करवतवाला आला त्या दिवशी मी तिथेच होतो. दादानं खालचं पान ओढून दाखवलं. “बघ, आहे तस्संच!”

“झालेलं पान वाढत नाही. फवारल्यानंतर फुटलेलं बघ.” तिनं फांदी वाकवली. शेंड्याची पानं तळहाताहून मोठी, हिरवीगार. शेजारच्या कोरड्या झाडावर तोच बोटभर गुच्छ.

करवतवाल्यानं दोन्ही झाडांना चक्कर मारली. “मालक, मग कापू कुठलं?”

दादानं तिच्या हातातली फांदी स्वतःकडे ओढून पाहिली. मग बहिणीकडे न बघता म्हणाला, “उरलेल्या सहांना कधी फवारतेस?”

“उद्या. आणि ऐक, शेणाची गाडी पुन्हा इथं दिसली तर चाकांतली हवा सोडीन.”

सोडेल. मी तिला लहानपणापासून ओळखतो.