बोलावणं नसलेलं शहर

"तिथे आपल्याला बोलावणं आहे का?" मी कुठल्याही शहराचं नाव घेतलं की ते हेच विचारायचे. माझ्या टेबलावर स्पेनचा नकाशा, त्यांचं बोट बार्सिलोनावर, आणि चेहरा मात्र परक्याच्या लग्नात शिरल्यासारखा ओशाळलेला.

वसईत माझं सहलींच्या बुकिंगचं छोटं ऑफिस आहे. हे काका जवळच्या पापडी गावचे केळी-फुलांचे बागायतदार. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलगा आईवडलांना स्पेनला पाठवत होता. यांनी फक्त शहरं निवडायची होती. तेवढ्यापायी त्यांनी माझ्या डोक्याचा पार भुगा केला.

तुम्ही वसईच्या गावांत राहिला असाल तर त्यांची अडचण तुम्हाला लगेच कळेल. इथे प्रत्येक चर्चचा वर्षातून एकदा सण, आणि त्या दिवशी घराघरात पाहुण्यांच्या पंगती. हे जन्मभर दुसऱ्या गावात गेले ते तिथल्या सणाला, आणि तेही निरोप आला तरच. तेव्हा स्पेनमधलं शहरही त्याच्या सणालाच बघायचं, असा त्यांचा कायदा. तिथून निरोप कोण धाडणार, पण सण म्हणजे निदान सगळ्यांना बोलावणं.

झाली पंचाईत. माद्रिदचा संत शेतकरी होता हे कळल्यावर स्वारी खूश. "आपल्यातलाच माणूस की हो, बाई." मी तिकिटं बघायला घेतली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवरून हजर. त्या संताचा सण मे महिन्यात, आणि तेव्हाच पुतणीचं लग्न होतं. मग सेव्हिल. तिथला ईस्टरआधीचा पवित्र आठवडा बघण्यासारखा, पण त्या आठवड्यात आपलं चर्च सोडायचं कसं? सारागोसाचा सण ऑक्टोबरात, तर तेव्हा भातकापणी. बसायचे, उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. माझा चहा गार व्हायचा तो निराळाच.

"काका, तुम्हाला जायचंय तरी का?" मी एकदा वैतागून विचारलं.

"जायचंय हो. पण न बोलावता कुणाच्या गावात घुसू?"

शेवटी मी सांगितलं, पुढच्या वेळी काकूंना घेऊन या. त्या आल्या आणि मुकाट बसल्या. हे आपले एकेक शहर मांडत होते आणि मोडत होते. अर्ध्या तासाने काकू म्हणाल्या, "मला सणालाच जायचंय."

"तेच तर मी म्हणतोय," काका सुटल्यासारखे हसले.

"त्यांच्या नाही. आपल्या सणाला मला घरात राहायचं नाही."

काका हसायचे थांबले.

"लग्न होऊन आले तेव्हापासून सगळ्यांना वाढून मी शेवटी बसते. तोवर सगळं गार झालेलं असतं. एकदा तरी सणाला गरम जेवू दे मला. शहर कुठलं का असेना."

"आणि पाहुणे?"

"गावात घरं कमी आहेत का?"

काका उठून दाराशी गेले. वाटलं, आता हे स्कूटर काढणार आणि स्पेन बुडणार. सांगते, मला त्या क्षणी त्या माणसाची कीव आली आणि रागही आला. परत येऊन ते म्हणाले, "बाई, तारीख आमच्या सणाची घ्या. गाव तिला विचारा."

काकूंनी नकाशाच्या पार डाव्या टोकाला, समुद्रकाठी बोट ठेवलं. विगो. तिथे त्या दिवशी कसलाही सण नव्हता. तरी काकांनी दोघांचे पासपोर्ट माझ्यापुढे सरकवले.

पापडीच्या सणाला मी दरवर्षी त्यांच्याकडेच जेवायला जायचे; तिकिटं मीच काढलेली असूनही त्या संध्याकाळी पाय सवयीने तिकडेच वळले. दाराला कुलूप. ओट्यावर काकांची थोरली बहीण मांडीवर मिठाईचा पुडा घेऊन बसली होती. "ते नाहीत हे ठाऊक होतं गं मला," ती म्हणाली, "पण सणाला भावाच्या दारी नाही यायचं, तर जायचं कुठे?"

तिचा राग जावा म्हणून मी काकांना स्पीकरवर फोन लावला. पलीकडून ताटवाट्यांचा आवाज आला. तिकडे दुपार होती. काकांनी आधी कोण कोण येऊन गेलं ते विचारलं.

"तुझ्या बायकोला दे," बहीण फोनवर वाकून म्हणाली. "मला तिला चार शब्द सुनावायचेत."

"मागाहून," काका म्हणाले. "तिचं ताट आत्ताच आलंय."