डबीएवढी गाडी

डॉक्टरांनी यांच्या मानेचा एक्स-रे खिडकीतल्या उजेडात धरला आणि आमच्याकडं न बघताच विचारलं, "मोटरसायकल किती चालवता?"

"किती म्हणजे काय साहेब," हे म्हणाले, "तिच्यावरच जिंदगी गेली."

ते खरंच होतं. हे बियाण्याच्या एका कंपनीत होते. ऑफिस जालन्यात, स्टेशनच्या बाजूला. पण ऑफिसात ते फक्त रिपोर्ट द्यायला जायचे. बाकी सगळा दिवस शेतांवर. मंठा, अंबड, घनसावंगी, पार गोदावरीच्या काठापर्यंत. कुणाचा कापूस कसा उगवला, कुणाच्या मिरचीवर रोग पडला, हे बघत बांधाबांधानं फिरायचे. नोकरी संपली तरी मोटरसायकल सुटली नव्हती. सकाळी दूध आणायला म्हणून निघालेला माणूस अंबड रोडनं लांबवर जाऊन यायचा आणि दूध पातेल्यात ओतताना सांगायचा, "मोसंबीला फूल आलंय."

"आता बंद," डॉक्टर म्हणाले. "मणके घासलेत. एखादा खड्डा असा बसेल, की हात वर करता येणार नाही."

आम्ही रिक्षानं घरी आलो. मोटरसायकल अंगणात चिंचेखाली उभी होती. तिच्यावर पडलेला पाला त्यांनी हातानं झाडला आणि आत गेले.

आमची मुलगी पुण्याला नोकरी करते. तिला फोनवर सांगितलं तर ती चटकन म्हणाली, "मग कार घ्या ना. आई शिकेल चालवायला."

मी हसले. माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत, मंठ्याच्या रस्त्यावरच्या एका गावात. रोज एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. साधी सायकलसुद्धा कधी चालवली नव्हती. पण मुलीचं बोलणं मनातून जाईना. शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं. शिकवणारा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. "मॅडम, क्लच हळू सोडा," तो सारखा म्हणायचा, "कान धरल्यासारखं करू नका त्याला." गाडी आचके देत बंद पडायची, मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवायचे, मला घाम फुटायचा. पण हळूहळू जमायला लागलं. एक दिवस मोकळ्या रस्त्यावर मी तिसरा गिअर टाकला आणि गाडी आवाज न करता पुढं गेली. त्या दिवशी घरी येऊन मी कुणाला काही न सांगता गोड शिरा केला.

मग आम्ही गाडी बघायला गेलो. मला लहानातली लहान गाडी हवी होती. आमच्या गल्लीत रिक्षासुद्धा मागंपुढं करून वळते. आणि बसणार कोण? आम्ही दोघं. शोरूममध्ये कोपऱ्यात एक पिटुकली गाडी उभी होती, पिवळसर पांढरी. हे तिच्याभोवती एक चक्कर मारून आले.

"ही गाडी हाय का डबी?"

"सर, सिटीसाठी हीच बराबर," विकणारा पोरगा म्हणाला. "कुठंही वळते, कुठंही लागते. मॅडमसाठी तर एकदम सोपी. बसून तर बघा."

हे चांगले उंच. वाकून, मान सांभाळत आत बसले. गुडघे पुढच्या कप्प्याला टेकले. "मला टपावर बांधावं लागंल सामानासारखं," ते म्हणाले. पोरगा हसला, मीही हसले. पण बाहेर आल्यावर त्यांनी गाडीकडं मागं वळून पाहिलं नाही.

घरी चहा पिताना मी विचारलं, "आवडली न्हाई का?"

"आवडायचं काय त्यात. गाडी चांगलीच हाय. पण काचेआडून रस्ता नुस्ता दिसतो, अंगाला लागत न्हाई." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आपण दोघंच. दोघांना कशाला पाहिजे गाडी?"

"दोघंच हाव म्हणून तर लहान घ्यायची."

 खरं सांगायचं तर मलाही आतून उत्साह नव्हता. गाडी शिकले ते वेगळं. पण मोटरसायकल जाणार, हे मला नको होतं. आमचं लग्न मंठ्याच्या बुद्धविहारात झालं, आणि दुसऱ्याच महिन्यात यांनी ही नाही, हिच्या आधीची मोटरसायकल घेतली. घर दोन खोल्यांचं. त्यात सासू, सासरे, शिकणारे दोन दीर. नवराबायकोनं दोन शब्द बोलायचे तर जागा नव्हती. बोलायचं ते मोटरसायकलवर. माहेरी जाताना, बाजारातून येताना, कधी कधी हे शेतावरचे बियाण्याचे प्लॉट बघायला निघाले की उगीच सोबत. मी यांच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि कानाशी बोलत राहायचे. शाळेतलं राजकारण, सासूबाईंचं रुसणं, आईच्या आजारपणाची धास्ती, सगळं. घरात आवंढा गिळून ठेवलेलं जालन्याची हद्द ओलांडली की बाहेर यायचं. हे मधून मधून "हां" म्हणायचे. त्या "हां"नं मला किती हलकं वाटायचं, ते सांगता येत नाही. अजूनही एसटीच्या खिडकीतून कुणी जोडपं मोटरसायकलवर जाताना दिसलं, बाई पुढं झुकून काही सांगताना दिसली, की मी ती गाडी मागं पडेपर्यंत बघत राहते.

आमच्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांच्याकडं नेमकी तीच लहान गाडी होती. दिवाळीनंतर ते मुलाकडं निघाले तेव्हा किल्ली घेऊन आमच्याकडं आले. "मी येईपर्यंत ठेवा," ते म्हणाले. "चालवा, फिरा, मंग ठरवा. शोरूमच्या चकरेत काय कळतंय!"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी डबा बांधला. "कुठं जायचं?" मी विचारलं. हे म्हणाले, "शहागडला. नदीवर."

शहागड यांच्या नोकरीतल्या जुन्या भागातलं. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी मला कुठं नेलं असेल तर तिथंच. आम्ही अंबड ओलांडलं. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं, हे शेजारी बसून पायानं नसलेला ब्रेक दाबत होते. वडीगोद्रीपाशी मोठा रस्ता लागला. उसाच्या ट्रॅक्टरमागं मी बराच वेळ तशीच हळूहळू चालले. पुढं काढायची हिंमत होईना. "घे, घे, मोकळा हाय," हे म्हणाले. मी घेतली. ट्रॅक्टर मागं पडला तसं आम्ही दोघंही एकदम हसलो. नंतर मी सहज बोलायला लागले. शाळेतल्या नव्या मुलींबद्दल, एकीचं अक्षर कसं मोत्यासारखं आहे त्याबद्दल. माझ्या लक्षात आलं, हे माझ्याकडं वळून ऐकत होते. मान वळत नव्हती म्हणून अख्खे वळून बसले होते.

पुलाच्या अलीकडं गाडी लावली. ट्रक धडधडत जात होते. खाली उतरून आम्ही पाण्याजवळच्या दगडांवर बसलो, डबा सोडला. धपाटे, ठेचा, दही. पाणी भरपूर होतं, पलीकडच्या काठावर कुणी म्हशी धूत होतं. जेवण झाल्यावर हे म्हणाले, "एक सांगू का? गाडीत तू काय बोलते ते सगळं ऐकू येतं."

"म्हणजे?"

"मोटरसायकलवर न्हाई यायचं. वारा, इंजिन, त्यात माझं हेल्मेट. शब्द लागायचाच न्हाई. तू बोलायची, मी आपलं 'हां' म्हणायचो."

मला वाटलं, चेष्टा करून राह्यलेत. "सगळंच न्हाई ऐकलं?"

"कधी हळू चाललो तर ऐकायचो. पण तुझा आवाज येतोय एवढंच बास वाटायचं. तू मागं हाय, बोलून राह्यली, मला बरं वाटायचं."

मी पाण्याकडं बघत राहिले. इतक्या वर्षांचं बोलणं मंठ्याच्या, अंबडच्या रस्त्यांवर उडून गेलेलं. हसावं की रडावं कळेना. आणि मग एकाएकी मला तो दिवस आठवला.

मुलगी तेव्हा तीन-चार वर्षांची. आम्ही माहेराहून, मंठ्याहून परत येत होतो, ती आमच्या दोघांच्या मध्ये झोपलेली. मला विद्यापीठात, मराठीच्या एम.ए.ला प्रवेश मिळत होता. पगारी रजा मिळण्यासारखी होती. दोन वर्षं संभाजीनगरला हॉस्टेलवर राहायचं, मुलीला माझ्या आईकडं ठेवायचं, असं मी मनात जुळवलं होतं. लहानपणापासून मला तेवढंच हवं होतं: पुस्तकांच्या खोलीत दिवसभर बसायचं, कुणी हाक मारायची नाही. घरात हे बोलायची सोय नव्हती. माहेरी शब्द जुळवून ठेवले होते. मंठा सुटलं तसं धीर करून यांच्या कानाशी सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "जाऊ का?"

त्यांनी "हां" म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. मी पुढच्या गावापर्यंत वाट पाहिली, मग त्याच्या पुढच्या. नाही म्हणवत नसेल म्हणून गप्प आहेत, असं मी धरलं. जालना आलं. मी पुन्हा विचारलं नाही. प्रवेशाची मुदत निघून गेली.

नदीवर मी त्यांना हे सगळं सांगितलं. आवाज चढवावा लागला नाही. ते ऐकत होते तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"आणि घरी आल्यावर का न्हाई इचारलं?"

"एकदाच धीर केल्ता. दुसऱ्यांदा न्हाई झाला."

"मला कळलंच न्हाई गं," ते म्हणाले. "तू त्या वर्षी लई गप गप राहायची. मला वाटायचं, माझ्या आईमुळं."

म्हशी धुणारा माणूस पाण्यातून बाहेर आला, म्हशींना हाकत चढावर गेला. मग मी विचारलं, "ऐकू आलं असतं तर काय म्हणला असता?"

मला वाटलं, जा म्हणलो असतो असं म्हणतील. त्यांनी बराच विचार केला. "खरं सांगू? सांगता येत न्हाई. आता वाटतं, जा म्हणलो असतो. पण तवा मी कसा होतो, घर कसं होतं... नुस्तं बरं वाटावं म्हणून काही बोलत न्हाई."

मला राग यायला हवा होता. आला नाही. त्यांनी खोटं बोलून माझं समाधान केलं नाही, याचंच बरं वाटलं. पण आत कुठंतरी ती सत्तावीस वर्षांची बाई उत्तराची वाट बघत मोटरसायकलवर तशीच बसलेली होती, आणि तिला काय सांगावं हे मला कळत नव्हतं.

आम्ही परत निघालो. अंबड जवळ आलं तेव्हा हे म्हणाले, "घेऊन टाकू गाडी. हीच. लहानच."

"गुडघे?"

"बसतील गुडघे."

घेतली आम्ही. शोरूममधली पिवळसर पांढरी नाही, निळी मिळाली. मोटरसायकल यांच्या पुतण्यानं नेली. त्या दिवशी हे बाहेर आलेच नाहीत, आतूनच किल्ली पाठवली. गल्लीच्या टोकापर्यंत तिचा आवाज येत राहिला. मी ओट्यापाशी उभी राहून तो ऐकला, बंद होईपर्यंत.

आता शनिवारी शाळा सुटल्यावर मी यांना घेऊन निघते. कधी मंठ्याकडं, कधी नुस्तं बदनापूरपर्यंत. ते काच खाली करून कापूस बघतात, मी बोलते. ते आता उत्तरं देतात, उलट बोलतात, एखाद वेळी आमचं भांडणही होतं. माझं सगळं बोलणं ऐकू जातंय हे कळल्यापासून मी थोडी जपून बोलते, हेही खरं. पूर्वीसारखं भडाभडा येत नाही.

मागच्या महिन्यात एका सकाळी हे चपला घालून दारात उभे. "चल, संभाजीनगरला जाऊन येऊ."

"काय काम हाय?"

"काम न्हाई. तुझं विद्यापीठ बघून येऊ."

एवढ्या लांब मी कधी गाडी नेली नव्हती. ट्रकांच्या मधून, उड्डाणपुलांवरून, दोन वेळा रस्ता चुकून पोचलो. फाटकावरचा वॉचमन खिडकीशी वाकला. "कुणाला भेटायचंय, मॅडम?"

 हे माझ्याकडं बघत होते, पण माझ्या वतीनं काही बोलले नाहीत.

"कुणाला न्हाई," मी म्हणाले. "बघायला आलो."

त्यानं आमच्याकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, आणि फाटकाची एकच बाजू उघडली. तेवढ्यातून ती आत गेली. आत दोन्ही बाजूंना झाडं, सावलीत पुस्तकं छातीशी धरून चाललेल्या मुली. मी पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो तशी गाडी नेत राहिले. कुठल्या वळणाला वळायचं ते मला ठाऊक नव्हतं. शेवटी एका मुलीजवळ थांबले, काच खाली केली आणि मराठी विभाग कुठं आहे ते विचारलं.