भास्कररावांचं वाक्य

गेलेला माणूस आपल्या मित्रावर मात करू शकतो का हो? तुम्हाला काय वाटतं?

हसू नका. आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या आयसेलिनच्या शनिवार-मंडळात हा प्रश्न काढला, तर लोक चहाचे कप खाली ठेवतात. दर शनिवारी दुपारी तीन-चार मराठी घरं आमच्या बेसमेंटमध्ये जमायची. कॅरम व्हायचा, मग व्हीसीआरवर सिनेमा. अशा ठिकाणी किस्से साठतात ते टीव्हीवर ठेवलेल्या कॅसेटींसारखे. लेबल कधीच गळून पडलेलं असतं, आत काय आहे ते लावून बघितल्याशिवाय कळत नाही!

*

सुरुवात सोलापूरची. मला बघायला खरं तर भास्करराव आले होते. सोबतीला एकाच खोलीत राहणारा त्यांचा मित्र शरद. वाटेत शरदनं त्यांना बजावलं, “साधे लोक आहेत. पोह्यांचं कौतुक करू नकोस, खोटं वाटेल.”

वडिलांनी विचारलं, “पोहे कसे झालेत? सुशीनं केलेत.”

भास्करराव म्हणाले, “ठीक आहेत.”

शरदनं तीन बश्या खाल्ल्या!

माझं लग्न शरदशी झालं. भास्कररावांनी त्या लग्नात पंगतीला जिलबी वाढली. पुढे दोघं इकडे आले, एकाच गावात राहिले. भास्करराव मात्र एकटेच राहिले.

*

ह्यांनी, म्हणजे शरदनं, एकदा टीव्हीवरचा जुना इंग्रजी सिनेमा टेप केला. काळापांढरा, विनोदी. एका भिडस्त माणसाची मैत्रीण एक ऐटबाज माणूस पळवायला बघतो आणि हा भिडस्त माणूस युक्त्या शिकून त्याला हरवतो. हे सिनेमा थांबवून थांबवून आम्हाला मराठीत समजावायचे आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे.

“भास्कर, शीक काहीतरी! समोरच्याला हरवायला काही लागत नाही. फक्त त्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही.”

“मी यावर टेनिसची मॅच भरून टाकीन एक दिवस,” भास्करराव म्हणाले.

ह्यांनी लगेच कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी मोडली. ती मोडली की त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. “आता भर! पुन्हा रेकॉर्ड करायचं तर या भोकावर चिकटपट्टी लावावी लागते. ती मी लावीन, तेव्हा!”

चिकटपट्टी हे कायम दातांनी तोडायचे. शेजारी कात्री असली तरी.

*

मग हे गेले. ऑफिसात, टेबलाशी बसल्याबसल्या. वर्ष झाल्यावर मंडळातल्या शैलाताईंनी शनिवार पुन्हा सुरू करवला. “तो असता तर त्यानं एक शनिवार चुकवला असता का?” असं म्हणाल्या.

एका शनिवारी भास्करराव सगळ्यांच्या आधी आले. दारात उभं राहूनच म्हणाले, “सुशीलावहिनी, मला एक विचारायचंय. तुम्ही...”

ड्राइव्हवेमध्ये त्यांच्या गाडीचा हॉर्न वाजायला लागला. गाडीत कुणी नव्हतं. किल्ली त्यांच्या हातात होती. शेजारपाजारचे बाहेर आले. हॉर्न थांबला तोवर बाकीची मंडळी पोचली होती.

*

दुसऱ्यांदा कॅरम चालू होता. शैलाताई सरबत आणायला वर गेल्या होत्या. माझी मुलगी नीता सोंगट्या लावत होती. कॉलेजात जाणारी पोर, तिला सगळं कळत होतं. ती भास्कररावांना म्हणाली, “अंकल, जस्ट से इट!”

भास्कररावांनी घसा साफ केला. “वहिनी, तुम्ही...”

बोर्डाच्या मधोमध ठेवलेली राणी हलली. कुणाचं बोट लागलं नव्हतं. ती सावकाश सरकत गेली आणि माझ्या बाजूच्या भोकात पडली. शैलाताई जिन्यातच उभ्या राहिल्या.

“ही शरदची चाल,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी सरबत कुणीच प्यायलं नाही.

*

तिसऱ्यांदा त्यांनी फोन केला, तर “वहिनी, तुम्ही” एवढंही झालं नाही. खाली व्हीसीआर सुरू झाला. तोच सिनेमा, तोच प्रसंग, जिथे हे हमखास हसायचे. नीता धावत खाली गेली आणि तितक्याच वेगानं वर आली.

“मॉम, इट्स नॉट इव्हन प्लग्ड इन.”

*

शेवटी भास्कररावांनी पत्र लिहिलं. लिहिलेलं वाक्य कोण तोडणार? लिफाफा चांगला बंद होता. आत त्यांचं सुबक अक्षर: ‘सुशीलावहिनी, मला एक विचारायचे आहे. तुम्ही’. पुढे कोरा कागद.

मी पत्र दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. “मी दोन पानं लिहिली होती हो! सहीसुद्धा केली होती.”

ते खिडकीशी जाऊन बसले. मग म्हणाले, “दूर दक्षिणेत, मॉरिसव्हिलजवळ नोकरी मिळतेय. परवा होय-नाही कळवायचंय. शरदला मी नको असेन, तर जातो. तो कायमच जिंकत आलाय.”

मला त्या वेळी जे वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. हा माणूस गेला तर या घरात मला नुसत्या भांड्यांचे आवाज ऐकत जेवावं लागणार होतं. नीताही उन्हाळा संपला की वसतिगृहात जायची होती.

“उद्या सकाळी नाश्त्याला या,” मी म्हटलं.

ते गेल्यावर मी बेसमेंटमध्ये उतरले. जिन्यातून ऊन येत होतं. ती कॅसेट मांडीवर घेतली.

“अहो, ऐकताय ना? तुम्ही जिंकलात. पोह्यांच्या दिवशीच जिंकलात, मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पण आता मला एकटीनं जेवण जात नाही. त्यांचं एक वाक्य पुरं होऊ द्या.”

काही झालं नाही. कॅसेट मी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता भास्करराव आले. मी पोहे केले होते. पहिला घास खाऊन ते म्हणाले, “फार सुंदर झालेत.” मग बशी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच वहिनी न म्हणता म्हणाले, “सुशीला, तुम्ही माझ्याशी लग्न कराल?” घरात कुठेही आवाज झाला नाही. मी हो म्हटलं, खाली गेले आणि कुलूप उघडलं. कॅसेटच्या कडेच्या भोकावर चिकटपट्टी लावलेली होती. दातांनी तोडलेली.