बिजलीच्या पाठीवर, माथेरानच्या रुळाकाठी

ताईचा निरोप आला, "दिवाळी झाली की ये, बिजलीला वर न्यायचंय," आणि मी कॉलेजला सरळ दांडी मारली. सत्तरच्या दशकातली गोष्ट. पुण्याहून पॅसेंजर धरली, कर्जतला उतरून गरम वडे हाणले आणि नेरळची गाडी पकडली. तिकीट तेव्हा चिल्लरीत यायचं, आता विचारू नका.

ताईचं सासर नेरळला, माथेरानच्या छोट्या गाडीच्या रुळाला लागून. दाजी घोडेवाले. पावसाळ्यात माथेरान ओस पडतं, तेव्हा घोडी खाली घरी. दिवाळीपासून परत वर, फिरायला येणाऱ्यांसाठी. दाजींनी दारातच "जयभीम" केला, पण चेहरा पडलेला. बिजली ही त्यांची उरलेली एकच घोडी. तिची आई इंजिनाच्या शिट्टीला उधळायची. एकदा तिनं एका बाईंना पाडलं, त्यांचा हात मोडला, आणि शेवटी तिला विकावं लागलं. आता तिची ही पोर पहिल्यांदा कामाला लागणार होती.

"रगत हाय ते," दाजी भाकरी मोडत म्हणाले. "आईवरच जानार. बिथरली तर ही पन विकायची. मग धंदाच बंद."

"काय नाय जात," ताई फणकारली. सासरची बोली तिच्या तोंडात आता पक्की बसली होती. "मी वाढवलीय तिला."

"वाढवून रगत बदलतं का गं?"

मी सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी चापत होते. नवराबायकोच्या भांडणात कोण पडणार!

सकाळी बिजलीला घेऊन तिघं पायीच निघालो. चढण दमवते, पाणी जवळ ठेवा आणि नवी चप्पल घालायचा शहाणपणा करू नका. वर पोचलं की गर्द सावली, लाल माती आणि मोटारीचा आवाजच नाही. त्या मातीनं माझी पांढरी सलवार कायमची गेली.

वाट रुळाशेजारून जाते तिथे दाजी थांबले. "गिऱ्हाईक बसवायच्या आधी घरचं मानूस बसवून बघू," म्हणाले. दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"मी? अहो दाजी, मला सायकलची भीती वाटते!"

"तूच हलकी हायस," असं म्हणत ताईनं मला चढवलंच.

तेवढ्यात वळणामागून शिट्टी आली. बिजलीचे कान मागे गेले. अंगभर अशी थरथर सुटली की माझेही दात वाजले.

"बघ, बघ, तिची आयच!" दाजी लगामाकडे धावले.

मी डोळे गच्च मिटले. आता पडणार, हात मोडणार, आणि माझ्यापायी घोडी जाणार! इंजिन धडधडत शेजारून गेलं. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर बिजली जागच्या जागी उभी, आणि मान वळवून माझ्या गुडघ्याला नाक घासतेय.

"हिला काय हवंय आता?"

"गूळ!" ताई रडतही होती, हसतही होती. "शिंगरू होती तेव्हापासून, हे वर धंद्याला असले की घरी शिट्टी झाल्यावर खडा द्यायची मी. तुझ्याकडं मागतेय गं!"

दाजी त्या लाल मातीतच बसले. "सुटलो बाबा," म्हणाले. मग जरा वेळानं, हार मानवत नाही म्हणून, "पन घाबरली हां, आईवानीच."

"घाबरंना का. पळाली नाय ना?"

त्या दिवशी आम्ही बाजारात चिक्की घेतली, एका पॉइंटावर पाय सोडून बसलो आणि उगाचच हसत सुटलो. इतकं हलकं मला परीक्षा संपल्यावरही वाटलं नव्हतं.

पुण्याला परतल्यावर मैत्रिणींनी विचारलं, काय काय पाहिलंस? मी घोडीचंच सांगत बसले. पुढे बरीच वर्षं जात राहिले, तेव्हा लोकांचा ठरलेला प्रश्न असायचा, तिची भीती गेली का गं? छे! ती म्हातारी होईपर्यंत मी तिच्या पाठीवर बसले आहे, म्हणून छातीठोक सांगते. दर शिट्टीला ती तश्शीच थरथरायची. आणि दर वेळी उभी राहायची.