मानाचं मशीन

मान हा शब्द मला अजून सहन होत नाही. लग्नकार्यात कोणी मला मानाची साडी द्यायला आलं की मी आधी विचारते, ही नेसायची की संध्याकाळी परत करायची? बायका हसतात. मी हसत नाही.

आमच्या कापड्याला, म्हणजे माझ्या माहेरगावी, मान ही साधी गोष्ट नव्हती. शिमग्याला पालखी निघाली की पहिला खांदा कोणी द्यायचा, देवाच्या काठीला पहिला हात कोणी लावायचा, नारळ कोणी ठेवायचा, हे घराघराला वाटून दिलेलं. ज्याच्या घरी मान, त्याने खांदा द्यायचा आणि दुसऱ्याकडे सोपवून बाजूला व्हायचं. पालखी शेवटी देवळात जाणार. ती आपल्या पडवीत आणून ठेवायचं कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. लहानपणापासून आम्ही हेच शिकलो, की मानाची वस्तू हाताळायची असते, घरी न्यायची नसते. हे चांगलंच शिक्षण होतं. त्या शिक्षणाचा कोणी एक दिवस आमच्याविरुद्ध उपयोग करील, हे आम्हाला कोण सांगणार होतं?

माझा थोरला भाऊ पहिल्या जर्मन लढाईत बसऱ्याला गेला आणि उजवा पाय गुडघ्याखाली तिकडेच ठेवून आला. भाताच्या चिखलात कुबडी चालत नाही, ती रुतते आणि माणूस तोंडावर पडतो. दादा पहिल्या पावसाळ्यात दोनदा पडला आणि मग बांधावर यायचाच थांबला. धाकटा भाऊ मुंबईला गिरणीत होता, शेत आई आणि वहिनी बघत. दादाला पुण्याच्या लष्करी इस्पितळात शिवणाचं मशीन चालवायला शिकवलं होतं, हाताने फिरवायचं. तिथल्या दिवसांबद्दल तो एरवी बोलत नसे, पण मशीनचा विषय निघाला की हात आपोआप हवेत फिरायला लागायचा. "एक मशीन असतं ना गो, तर मी घरात बसून सगळ्यांना पोसलं असतं," असं तो म्हणायचा. मशीन नव्हतं म्हणून सुईने बंड्या शिवायचा, आणि एका बंडीला दिवस जायचा.

मी तेव्हा महाडात होते. आमचे हे शाळामास्तर. त्यांनीच मला लग्नानंतर वाचायला शिकवलं, आणि पुढे माझ्या जिभेला आवर घालायचाही त्यांनी बराच प्रयत्न केला, पण तो विषय त्यांना काही जमला नाही.

लढाई संपून काही वर्षं झाली तेव्हा महाडात जखमी शिपायांसाठी एक मंडळ निघालं. त्याचे चिटणीस एका वकिलाकडचे कारकून होते, गळाबंद कोट, कानात अत्तराचा फाया, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने आपणहून खिशात हात घालावा. लोकांनी दिलं, आणि आनंदाने दिलं. आमच्या खोऱ्यातलं कुठलं गाव असं नव्हतं की जिथून कोणी लढाईवर गेलं नव्हतं. नाते गावापासून पोलादपूरपर्यंत खळ्यावर भात झोडून झालं की देवाचं सूपभर भात बाजूला काढतात, त्याच्या शेजारी लोक आता शिपायांचं सूप काढू लागले. देवाच्या सुपाचा हिशेब कोणी विचारत नाही. या दुसऱ्याचाही कोणी विचारला नाही. मुंबईच्या गिरण्यांतूनही पोरांनी मनीऑर्डरी धाडल्या.

ते भात आणि त्या मनीऑर्डरी कुठे जात होत्या, ते मला महाडात बसून दिसत होतं. वेशीवर कमान उभी राहिली. तिच्यावर सोनेरी अक्षरं. बाहेरगावचा बॅण्ड आला. मंडळाच्या सभासदांना फेटे आले, सगळ्यांना एका रंगाचे. उन्हाळ्यात साहेब लोक महाबळेश्वरला असतात, म्हणून त्यांना भेटून निमंत्रण द्यायला चिटणीस भाड्याची मोटार करून आंबेनळी घाटाने वर गेले. एकदा नाही, वरचेवर. येताना स्ट्रॉबेरीच्या करंड्या आणायचे आणि त्यातली एक आमच्याही घरी यायची, कारण शाळेतल्या पोरांना गोळा करून सभेला बसवायचं काम मास्तरांकडे असे. मी ती करंडी घराबाहेर ठेवली. हे म्हणाले, "अगं, खाल्ली म्हणून काय होतंय?" मी म्हटलं, "खळ्यावरचं भात आहे ते. मला लाल रंगात ओळखू येत नाही असं समजू नका."

मग एक दिवस निरोप आला, की मंडळ माझ्या भावाला समारंभपूर्वक शिवणाचं मशीन देणार आहे. मी क्षणात सगळं विसरले. कमान विसरले, बॅण्ड विसरले. मनात म्हटलं, करू देत मेल्यांना चैन, माझ्या दादाचं तर भलं होतंय. कापड्याहून बैलगाडी भरून माणसं आली. आईने नवं लुगडं नेसलं होतं.

मंचावर टेबल, टेबलावर मखमल, मखमलीवर काळं चकचकीत मशीन. साहेब आला, बोलला, त्याचं बोलणं चिटणिसांनी मराठीत सांगितलं. दादा छातीवर बिल्ले लावून कुबडीवर उभा होता. त्याला मशीनच्या दांडीवर हात ठेवायला सांगितलं. त्याने ठेवला. फोटोवाल्याने काळ्या कापडात डोकं घातलं. मग चिटणिसांनी हात जोडून गावाकडे बघत सांगितलं, "मंडळाचं हे मानाचं मशीन. याचा पहिला मान आज कापड्याच्या या वीराला दिलाय." गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आईने तर डोळे पुसले.

मी घाईने घरी गेले आणि गाडीत मशीनखाली घालायला जुनी गोधडी घेऊन आले. गाडीत माणसं बसली होती, मशीन नव्हतं.

"मशीन कुठाय?" मी विचारलं.

दादा खाली बघत म्हणाला, "मंडळाकडं ठेवलं. मानाचं हाय ते. हात लावायचा नि सोपवायचं."

"अरे पण तुला दिलं ना?"

गाडीतला आमच्या गावचा म्हातारा मानकरी मलाच समजावायला लागला. "पोरी, पहिला मान आपल्या गावाला मिळाला. अजून काय पायजे? मान काय घरात नेऊन पेटीत ठेवतात?" आणि सगळ्या गाडीने माना हलवल्या. माझी आईसुद्धा. गोधडी हातात घेऊन मी तशीच उभी राहिले आणि गाडी निघून गेली.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या सकाळी मी चिटणिसांच्या ओसरीवर गेले. त्यांनी मला बसायला पाट दिला, चहा सांगितला.

"मास्तरीणबाई, मशीन एक आणि जखमी अनेक," ते म्हणाले. "एकालाच देऊन टाकलं तर बाकीच्यांनी काय करायचं? म्हणून आम्ही ते सगळ्यांना देतो."

"सगळ्यांना देता म्हणजे?"

"पुढच्या महिन्यात पोलादपूरला आहे."

"आणि शिवायचं कोणी?"

ते हसले. "तुमच्या गावकऱ्यांना तर काही गैर वाटलं नाही. मानाचं म्हटलं की त्यांना बरोबर समजतं."

हा माणूस चुकून बोलला नव्हता. आमच्या शिमग्याचा शब्द त्याने ऐकला होता, पारखला होता आणि कमानीवरच्या सोनेरी अक्षरांसारखा वापरला होता. पैसे खाणारे मी खूप पाहिले. पण माणसांच्या भल्या वळणालाच हात घालणारा हा पहिलाच. मी चहा न घेता उठले.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "माझी बदली करतील गं, तू गप्प राहा." मी माहेरी निघून गेले.

कापड्याला देवळासमोर म्हातारा मानकरी तंबाखू मळत बसला होता. मी त्याच्यासमोर बसले. मोठ्यांपुढे असं बसायची रीत नव्हती, पण मी बसले.

"बाबा, पालखी कोणाची?"

"गावाची."

"म्हणून ती गावाच्या देवळात जाते ना?"

"मग कुठं जाणार?"

"मशीन कोणाच्या भातातून आलं?"

त्याचा अंगठा तळहातावर थांबला. त्याने तंबाखू मुठीत मिटून घेतली. मग म्हणाला, "आपल्याच."

"मग ते महाडात कसं राहिलं? मानाचं असेल तर ते आपल्या देवळात यायला नको?"

म्हातारा उठला. जाता जाता गुरवाला सांगितलं की पालखीचे दांडे बघून ठेव.

पोलादपूरच्या सभेला आमचं अख्खं गाव गेलं. तीच मखमल, तेच मशीन, फेट्यांचा रंग तेवढा नवा. या वेळी मान ज्याला मिळाला तो शिपाई डोंगरावरच्या वाडीतला होता आणि त्याला एकच हात होता. शिवणाचं मशीन, आणि एकच हात. त्याच्या त्या हाताला चिटणिसांनी दांडी धरायला लावली आणि फोटोवाला कापडात शिरला. मला वाटलं आता माझ्या तोंडून काहीतरी वाईट निघणार.

पण त्याआधीच म्हातारा मानकरी मंचावर चढला. त्याने एकहाती शिपायाला विचारलं, "न्यायचंस का हे, राजा?"

तो शिपाई म्हणाला, "मी काय करू नेऊन? तुम्हीच न्या."

"मंडळी, मानाचं हाय," म्हातारा लोकांना म्हणाला. "खांदा द्या."

आमच्या गावच्या चौघांनी पालखीच्या दांड्यांवर फळी बांधून ठेवली होती. मशीन फळीवर चढलं, फळी खांद्यावर चढली. कोणीतरी ढोल आणला होता, तो वाजला. साहेबाला वाटलं हा कार्यक्रमातलाच भाग आहे, त्याने टाळ्या वाजवल्या. मी चिटणिसांकडे बघत होते. मला त्यांचा चेहरा पडलेला बघायचा होता. पण ते घाबरले नाहीत, ओरडलेही नाहीत. ओठ मिटून किंचित हसले आणि दुसरीकडे बघू लागले. ते हसू मला तेव्हा कळलं नाही.

पोलादपूरपासून कापड्यापर्यंत लोकांनी खांदे बदलत मशीन आणलं. देवळात नारळ ठेवून म्हाताऱ्याने सांगितलं, की गावाचं मशीन आहे, गाव ते चालवायला याच्या हाती देतंय. दादाच्या पडवीत ते ठेवलं. वहिनीने कापड आणलं, बायका दारात दाटल्या.

"शिव ना रे," मी म्हटलं.

"उद्या बघू."

"उद्या कशाला? आज शिव."

तो भिंतीला टेकून बसला होता, मशीनकडे बघतसुद्धा नव्हता. मला धीर निघेना. मीच पुढे झाले आणि दांडी फिरवली. दांडी गरगर फिरली. सुई जागची हलली नाही. पुन्हा फिरवली. मग मशीन कलतं करून खालून पाहिलं, तर पोट रिकामं होतं. आतली चाकं नव्हती, दोऱ्याचं रीळ बसायची जागा पोकळ होती. वरून रंग आणि पितळेची पट्टी तेवढी नवी. भंगारातून आणलेला सांगाडा होता तो, फोटोत बरा दिसेल असा.

बायका हळूहळू निघून गेल्या. मी दादाजवळ बसले.

"तुला ठाऊक होतं?"

"महाडात दांडीवर हात ठेवला तवाच कळलं. दांडी सैल होती."

"आणि तू बोलला नाहीस? मानाचं म्हणून आम्हाला समजावत राहिलास?"

तो कुबडीचं टोक जमिनीवर घासत राहिला. मग म्हणाला, "सगळा गाव समोर बसलेला गो. सगळ्यांनी खळ्यावरून भात दिलेलं. आई रडत होती. तिथं काय सांगू, तुमचं भात फुकट गेलं म्हणून?"

दादा लढाईवर गेला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. पाय गेला तरी त्याने कोणाकडे तोंड वेंगाडलं नाही. आणि मंडळाने त्याला दिलं ते एवढंच, की त्या चोरांची चोरी त्यानेच आईपासून आणि गावापासून पोटात दडवून ठेवायची. खाल्लेल्या भाताचं मी एक वेळ सोडलं असतं. हे सोडलं नाही, आणि आजही सोडत नाही.