एका दाराची गाडी

१९६७ साल. मी एकतीस वर्षांचा होतो. पिंपळगाव राजात आमच्या घरी काही ठरायचं ते माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून ठरायचं. मी तिसरी शिकलेला माणूस. मोडकंतोडकं लिहितो, पण झालं तसं लिहितो. ज्याला पटत नसेल त्यानं वाचू नये.

त्या हिवाळ्यात दादानं जेवता जेवता सांगितलं, की मायला ओंकारेश्वरला न्यायचं, नर्मदेत अंघोळ घालायची, अन् तीही स्वतःच्या गाडीनं. माय बाहेरचं शिजवलेलं खायची नाही, धर्मशाळेत झोपायची नाही, एस.टी.त तिला मळमळायचं. म्हणून एखादी जुनी बंद मोटार घ्यायची, झोपायला आत फळ्या ठोकायच्या, कोपऱ्यात स्टोव्ह मांडायचा, अन् दिवस मावळेल तिथं मुक्काम. घरच चाकांवर घालून न्यायचं म्हणा. विचार चांगला होता. मी तेव्हाही चांगला म्हटला, आजही म्हणतो. राग मला त्याच्या पुढच्या गोष्टीचा आहे.

जाणारे म्हणजे माय, दादा, वहिनी, त्यांचे दोन पोट्टे, मी अन् माझी बायको. आम्हाला तेव्हा लेकरू नव्हतं. रस्ता बऱ्हाणपूरवरून होता, अन् बऱ्हाणपूरला माझ्या बायकोची थोरली बहीण दिलेली. दोघींची गाठ माझ्या लग्नात पडली ती शेवटची. एक माहेरी यायची तेव्हा दुसरीला सासरहून सोडत नसत. बहिणीला लेकरं झाली, एक गेलं, मोठं दुखणं झालं, हिनं सगळं कानांनी ऐकलं. दादा म्हणाला, बऱ्हाणपूरला एक मुक्काम करू. तेवढ्यावर हिनं ज्वारीच्या बिबड्या अन् कुरडयांचा डबा भरून ठेवला. माझ्याशी ती फार बोलायची नाही, पण त्या दिवसांत जात्यावर बसली की गाणं म्हणायची. मी गोठ्यात उभा राहून ऐकायचो.

गाडी पाहायला मी अन् दादा खामगावला गेलो. दलालानं दोन गाड्या दाखवल्या. एक लहान, एका पेढीची माल पोचवायची, सगळीकडून पत्रा अन् मागं एकच दार. दुसरी लांब, फिरत्या सिनेमावाल्याची, तंबू अन् मशीन वाहून नेलेली. तिला मागंही दार अन् बाजूलाही. दादानं पिशवीतून सुंभाची दोरी काढली. ती दोरी म्हणजे आमचं आंगण, फाटकापासून ओट्यापर्यंत मोजलेलं.

दलाल म्हणाला, "मालक, घरची मानसं न्यायची ना? मंग हे मोठी घ्या. पाय पसरून झोपान."

"आमी देवाले जाऊन राह्यलो, झोपाले नाही," दादा म्हणाला.

मी मोठ्या गाडीत चढलो अन् सरळ आडवा झालो.

"उठ बे! म्हशीवानी काय लोळून राह्यला?"

"दादा, हे पाय. माह्ये पाय सरळ होतात इथं. त्या लहानीत गुडघे छातीले लागतीन."

"तुह्ये पाय लांब आहेत, त्याले गाडी काय करन?"

दलाल हसला. तो आता मेलाही असेल, पण त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

दादानं मोठ्या गाडीला दोरी लावली. दोरी संपली तरी गाडी उरली. "पाह्य, दोन हात बाहेर जाते. फाटक लागनार नाही. एवढी गाडी घेऊन मी तिले काय गल्लीत बांधू?"

"अरे, गाडी रस्त्यानं चालाले घेऊन राह्यलो का आंगनात ठेवाले?"

"आल्यावर कुठी ठेवशीन? तुह्या डोक्यावर?"

लहान गाडी घेतली. दादानं आंगण मोजलं. माणसं मोजली नाहीत. मी लांब गाडी सांगितली होती ती माझ्या पायांसाठी, हे खरं. पण सांगितली होती मीच, अन् हे आमच्या घरात आजपर्यंत कोणी कबूल केलं नाही.

माझा नातू पुण्याला असतो. त्यालाही सध्या गाडीचं घर करायचं आहे. फोनवर मापं दाखवतो, पलंग एवढा, ओटा एवढा, आत उभं राहता येतं की नाही. मी विचारलं, कोण कोण जाणार? तर म्हणतो, "आजोबा, सहा जणांची आहे." मी कोण विचारलं, त्यानं किती सांगितलं. दादाचं रक्त आहे, दुसरं काय.

तर सुतारानं गाडीत दोन्ही बाजूंना फळ्या ठोकल्या. मधे अंग चोरून जाता येईल एवढी वाट. ड्रायव्हरची केबिन पुढं, मधे पत्र्याची भिंत. मागच्या दाराजवळ स्टोव्हची पेटी. गाडी आंगणात मावली, फाटक लागलं, अन् लोक गल्लीतून माना वर करून पाहून जायचे. दादा ओट्यावर पान खात बसायचा अन् कोणी आलं की फाटक उघडून दाखवायचा.

निघायच्या आदल्या दिवशी माय म्हणाली, "एकडाव सगळे बसून तर पाहा रे."

माय चढली, वहिनी चढली, पोट्टे उड्या मारत चढले. दादा दाराजवळच्या फळीवर बसला, वारा लागतो म्हणून. त्याच्या गुडघ्यांनी मधली वाट भरली. मी खाली उभा. बायको घरातून डबा घेऊन आली, गाडीपाशी आली, अन् थांबली.

आता नव्या माणसांना हे सांगावं लागतं. दादा तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्या घरात भासऱ्यासमोर भावसून डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नसे, त्याच्या बाजेवर बसत नसे, अन् चुकून धक्का लागला तर दोघांनाही अंघोळ करावी लागे. घरात हे कधी अडलं नाही. पुरुष पुढच्या दारानं, बाया मागच्या दारानं. ह्या गाडीला एकच दार होतं, अन् त्या दारात भासरा बसला होता.

"चढ ना वो, मुहूर्त पाह्यतं का?" वहिनी आतून म्हणाली. मग तिच्याही ध्यानात आलं.

"अरे, तू उतर ना रे," माय दादाला म्हणाली. "ते चढन, मंग तू चढ."

दादा उतरला, ही चढली, दादा पुन्हा बसला. माय म्हणाली, "अन् रस्त्यानं? ते उतराले निघाली का दर बारी तू उतरशीन? अन् रात्री? तुह्या फळीपासून तिची फळी हातभर."

वहिनी म्हणाली पडदा लावू. पडदा लावला तरी वाट त्याच्या गुडघ्यांतूनच. बाया दाराकडं अन् पुरुष आत, असं उलटं करून पाहिलं, तर दादाला बायांमधून जावं लागत होतं.

मी म्हटलं, "दादा, तू केबिनमधे बस, ड्रायव्हरजवळ."

"मी? लोक म्हनतीन, क्लीनर ठेवला का नवीन!"

"बरं. रात्री मंग आपुन दोघं खाली झोपू, गाडीजवळ."

"थंडीत? गाडीखाली? कुत्रं हाव का मी?"

पोट्टे हसले. दादानं त्यांना डोळे दाखवले, अन् मग माझ्याकडं पाहून, ती आत बसलेली असताना, म्हणाला, "असं कर. तिले राहू दे घरी. म्हशीले कोनी तरी लागतेच."

"म्हशीले तू राह्य."

"काय म्हनला बे?"

"म्हशीले तू राह्य म्हनलो. गाडी तू लहान घेतली. जो मावत नाही त्यानं उतराव. सात जनांत तूच एकटा मावत नाहीस!"

वहिनीनं तोंडावर हात ठेवला. माय म्हणाली, "चूप बसा दोघंबी, लोक पाहून राह्यले." खरंच गल्लीत लोक थांबले होते.

"थोरल्या भावासंगं असं बोलते? गाडी माह्या नावावर हाय."

"अन् माह्या घामाचा कापूस कोनाच्या नावावर इकला?"

तो माझ्या अंगावर यायला उठला, पण मधे स्टोव्हची पेटी होती. गाडीत भांडायलाही जागा नव्हती. तो खाली उतरून घरात गेला. मग माझी बायको उतरली.

चुलीपाशी तिनं डबा माझ्यापुढं ठेवला. "जाऊ द्या," ती म्हणाली. "तुमी जा. डबा तेवढा तिले पोचवा. तिचं घर नदीच्या अंगाले हाय म्हनतात, कोनीबी सांगन. अन् तिले सांगा, मले बरं नव्हतं म्हना."

दादाचा राग आला होता त्याच्या दुप्पट राग मला ह्याचा आला. ती रडली असती तर मला चाललं असतं. पण ती खोटं कारणसुद्धा तयार करून बसली होती, आमच्या घराची अब्रू झाकायला. मी डबा घेतला नाही. जेवलोही नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर मी लोहाराकडून घण अन् छिन्नी मागून आणली. गाडीच्या बाजूला, केबिनला लागून, कोळशानं उभा चौकोन काढला अन् पत्र्यावर पहिला घाव घातला. अख्खी गल्ली जागी झाली. दादा निंबाची काडी तोंडात घेऊन धावत आला.

"काय करून राह्यला बे?"

"दार."

"थांब म्हनतो ना!"

मी थांबलो नाही. ड्रायव्हर आला तेव्हा अर्धं झालं होतं. मुहूर्त टळला. दादा ओट्यावर बसून मला नाही नाही ते बोलत होता, अन् माय त्याला एवढंच म्हणाली, "बोलू नको, चहा पे." पत्रा सुटून पडला तेव्हा ऊन वर आलं होतं. आत फळ्यांच्या मधात मी बांबूच्या तट्ट्याची आडवी भिंत ठोकली, पुढं बाया, मागं पुरुष. कापलेल्या कडा हाताला लागत होत्या, त्यांच्यावर गोणपाट दुमडून शिवलं. मग घराकडं तोंड केलं. आमच्यात चारचौघांत बायकोला हाक मारत नसत. मी मारली, तिच्या नावानं, गल्लीला ऐकू जाईल अशी.