शिंदीच्या नाल्यावरची खूण

त्या दिवशी माझी बहीण शांता कापूस वेचायला गेली. वाघानं तिला मारलं.

एवढं सगळ्या गावाला ठाऊक आहे. पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही — भाऊजींना नाही, बायकोला नाही. ती गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे ताईबद्दल दोन शब्द बोलले. मी उभा राहिलो आणि रडलो. रडणं सोयीचं असतं. बोलावं लागत नाही.

कुठून सुरुवात करू? वाघापासून केली तर सोपं जाईल, म्हणून तिथून करत नाही.

कापसाची ती वाईट वर्षं होती. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तेव्हा सतत कोणी ना कोणी विचारायला येई. कोणी लिहून नेई, कोणी फोटो काढून नेई. परत कोणी येत नसे. विचारणारा माणूस काहीतरी घेऊन जातो, एवढं आम्ही शिकलो होतो. मी हायस्कूलचा मास्तर, पुस्तकात डोकं घालून बसणारा, गावाचा 'सर'. त्यामुळे माझा संशय लोकांना शहाणपण वाटे. मलाही वाटे.

अशात फॉरेस्टची दोन माणसं आणि एका संस्थेच्या बाई आल्या. सबंध राज्याचा आराखडा होत होता — जंगली जनावरं कुठं राहतात, कुठून कुठं जातात, त्यांच्या वाटा कशा राखायच्या आणि त्या वाटांवरची माणसं कशी जपायची. तो म्हणे मुंबईत बसून नाही, गावागावाला विचारून करायचा होता. शाळेच्या मैदानावर गावानंच आपला नकाशा काढायचा. रांगोळीनं नाला, गेरूनं रस्ता, सरकीनं शेतं. आणि जिथं जनावराचा वावर असेल तिथं बाभळीची शेंग ठेवायची.

लोकांना विचारून? आम्हाला? मला तेच खटकलं.

आमचं शेत शिंदीच्या नाल्याला लागून. मध्ये नुसता झुडपी जंगलाचा पट्टा, की आलाच आमचा धुरा, शेताचा बांध. बाबांनी घेतलेलं ते शेत म्हणजे आमच्या घराण्यात आलेली पहिली जमीन. मी त्या बाईंना बाजूला घेऊन विचारलं, खूण केली तर जमीन जाईल का?

"नाही हो सर. उलट अशा वाटेवर गावातलीच माणसं राखणीला नेमणार आहोत. जनावर आलं की आधी गावाला कळेल."

उत्तर इतकं चटकन आलं की मी आणखी सावध झालो. पाठ केलेलं वाटलं. तुम्ही असता तर विश्वास ठेवला असता? — नको, हा प्रश्न मी मागे घेतो. तो तुम्हाला माझ्या बाजूला ओढायला विचारला होता.

त्याच्या थोडे दिवस आधी ताईनं मला नाल्यात नेलं होतं. ओल्या रेतीत पंजा उमटला होता. मी वाकून त्यावर हात ठेवला, तो आत मावला.

"कोनाले सांगू नको," मी म्हणालो.

"काहून?"

नकाशाच्या सभेच्या आधी मी घरोघर फिरलो. डुकरं दाखवा, रोही दाखवा, शिंदीच्या नाल्यावर काही ठेवू नका. लोकांनी ऐकलं. ताईच्या घरी गेलो नाही. ती आपली, ती ऐकेलच — असं धरून चाललो.

सभेत नकाशा छान निघाला. जिकडंतिकडं शेंगा पडल्या. नाला तेवढा कोरा. मग बायांच्या घोळक्यातून ताई उठली, एक शेंग घेतली आणि नाल्याच्या वळणावर, बरोबर आमच्या धुऱ्यापाशी ठेवली.

"इथून वाघ जाते. मी त्याचा पंजा पाह्यला हाये."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. ती वाट पाहत होती, मी 'हो' म्हणण्याची.

मी हसलो. म्हणालो, "आमच्या ताईले मांजर बी वाघच दिसते."

एकच हशा पिकला. "वाघानं चहापानी मांगलं का वो शांताबाई?" मागून कोणीतरी ओरडलं. तिच्या शेजारचीच एक बाई म्हणाली, "चष्मा करून घे वो माय, यवतमाळले जाऊन!" हसणं चालू असतानाच मी पुढे झालो, चपलेच्या टोकानं ती शेंग बाजूला सारली, आणि तिथली रांगोळी विस्कटली होती ती चिमटीनं नीट केली. फॉरेस्टच्या माणसानं विचारलं, "सर, पक्कं ना?"

"पक्कं."

हेच सांगायचं होतं. पण हेही पुरतं नाही — अजून एक आहे.

जमीन जाईल ही भीती खरी होती. पण ताई उठली तेव्हा माझ्या मनात जे आलं ते निराळं होतं. शेत आम्हा दोघांच्या नावावर होतं. कसायची ती. भाऊजी राजूरला कोळशाच्या खाणीत, सुट्टी मिळेल तसे यायचे. मला वाटलं, हिला शेत नकोच आहे. सरकारनं घेतलं तर मोबदला घेऊन ही राजूरला मोकळी. भाऊजींनीच शिकवून पाठवलं असेल. ज्या बहिणीनं मला शिकता यावं म्हणून स्वतःची शाळा सोडली, तिच्यावर मी भर मैदानात संशय घेतला. शेंग सारली ती त्या संशयानं. गावासाठी नाही.

त्यानंतर पोरं तिला 'वाघमावशी' म्हणू लागली. तीही हसायची. वाघाचं नाव मात्र तिनं पुन्हा घेतलं नाही.

फरदडीचे दिवस आले, म्हणजे शेवटचा उरलासुरला कापूस. त्याला वेचणाऱ्या बाया मिळत नाहीत, घरच्यांनीच वेचायचा. त्या सकाळी ताई माझ्या दारात आली.

"सिद्धू, येतं का वावरात?"

"काहून?"

"काही नाही. सहजच."

"मले शाळा हाये, ताई."

ती गेली. तिला भीती वाटत होती. वाघ हा शब्द तिला माझ्यापुढे काढता येत नव्हता, कारण मीच तो तिच्या तोंडून काढून घेतला होता. मला तेव्हा हे कळलं नाही, असं म्हणू का? कळलं होतं. मी चप्पल घालून शाळेत गेलो.

दुपारी नाल्यावर सगळा गाव जमला. फॉरेस्टवाल्यांनीच वाघ आणून सोडला, असं लोक ओरडत होते. कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "सर, तुम्हीच सांगा, आधी कधी होता का इकडं वाघ?"

"कधीच नाही," मी म्हणालो. आणि म्हटल्यावर — हेही सांगतो — मला बरं वाटलं. संस्थेच्या बाई ताईच्या घरी भेटायला आल्या, तेव्हा लोकांनी त्यांना दारातूनच हाकललं. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी दारातच उभा होतो.

पलीकडच्या गावानं आपल्या वाटा दाखवल्या होत्या. तिथं राखणदार फिरत. वाघ असला की त्या बाजूच्या शेतात बाया वेचायला जात नसत. आमच्या नाल्यावर कोणी फिरत नव्हतं. राखणदार असता तरी ताई गेलीच असती, असं मी कधी कधी स्वतःला सांगून पाहतो. मला ते पटत नाही.

वर्षभरानं भाऊजींनी ताईच्या हिश्श्याचं हक्कसोड करून दिलं. मोबदला मागितला नाही. "तुमच्या बाबाची जमीन हाये, तुम्हीच ठेवा," एवढंच म्हणाले. म्हणताना माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, असं मला वाटलं. त्यांना कळलं असेल का? बायांपैकी कोणी बोललं असेल का? अजून ते जेवायला येतात तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्यावर तेच शोधतो. ते पोळी मोडतात, मुलांची चौकशी करतात, जातात.

शेत आता पूर्ण माझ्या नावावर आहे. सरकारचं कोणी काही विचारायला आलं, की काय सांगायचं ते गाव अजूनही आधी मला विचारतं.